पहिल्या दिवशी फक्त पडायचं

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की माझा फोन वाजू लागतो. पलीकडे बहुतेक वेळा आई असते, क्वचित बाबा. प्रश्नांचा क्रम ठरलेला. ज्यूदो म्हणजे कराटेच ना? फी किती? बेल्ट किती महिन्यांत मिळतो? मुलीची आई असेल तर आवाज थोडा खाली आणून विचारते, ‘‘मॅडम, कुणी अंगावर आलं तर उपयोगी पडतील असे दोन-चार डाव शिकवाल ना?’’ पहिल्या दिवशी काय शिकवणार, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: पडायला. तासातला मोठा भाग तेच. मुलगी घरी येऊन सांगणार की आज आम्ही नुसते गादीवर आपटत होतो, आणि घरच्यांना वाटणार पैसे वाया गेले.

आधी कराटेचं निस्तरते. कराटेत ठोसे आणि लाथा असतात, ज्यूदोत त्या नाहीत. समोरच्याच्या जाड सुती जॅकेटची कॉलर आणि बाही धरायची, त्याचा तोल घालवायचा आणि त्याला पाठीवर टाकायचं. पाठ जोरात, वेगात आणि नीट टेकली की ‘इप्पॉन’, सामना तिथंच संपतो. ज्याने गावच्या जत्रेतली कुस्ती पाहिली आहे त्याला चितपट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, त्यामुळे इप्पॉनही सांगावा लागत नाही. आमचा ‘सेओई नागे’ पाहून एखादा जुना पैलवान हमखास म्हणतो, ‘‘अहो, ही तर आमची धोबीपछाड.’’ मी वाद घालत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं ते ५७ किलोच्या फ्रीस्टाइल कुस्तीत. त्या गटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीई यांनी नेलं. इशीई मूळचे ज्यूदोचे. महायुद्धानंतर अमेरिकी अंमलाखाली जपानात ज्यूदोवर बंदी आली, म्हणून ते कुस्तीकडे वळले होते. आपल्या पैलवानाची गाठ तिथं एका ज्यूदोवाल्याशी पडली, हे मी मुलांना आवर्जून सांगते. त्यांच्यापेक्षा त्यांच्या आजोबांचे डोळे जास्त मोठे होतात.

ज्यूदो ही एका शिक्षकाची निर्मिती. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिराची एक खोली घेऊन शिकवायला सुरुवात केली. खोलीत बारा तातामी चटया, विद्यार्थी नऊ. जुजुत्सूच्या जुन्या परंपरांमध्ये शत्रूला लुळा करणारे, प्रसंगी जीव घेणारे डाव होते. कानोंनी ते सरावातून बाजूला काढले आणि उरलेल्यांचा सराव दोन मित्रांना पूर्ण ताकदीनं करता येईल अशी मांडणी केली. आता ताकदीनं फेकायचं म्हटलं की कुणीतरी ताकदीनं पडणार, तेही रोज, अनेकदा. म्हणून पडण्याचं तंत्र पायाशी आलं. त्याला ‘उकेमी’ म्हणतात. भारतात हे फार उशिरा पोचलं असंही नाही. रवींद्रनाथांनी १९२९ साली शिंजो ताकागाकी या जपानी शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावलं आणि तिथे मुलींनीही ज्यूदो शिकला. अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन त्यांतल्या एक. त्यामुळे ‘मुलींना झेपेल का’ हा प्रश्न आज कुणी विचारला की मला जरा गंमत वाटते.

वर्गात येताना काय आणायचं? पहिल्या दिवशी ज्यूदोचा पोशाख, म्हणजे ‘गी’, विकत घेऊ नका. मुलगा टिकेल की नाही हे महिन्याभरात कळतं. टी-शर्ट आणि नाडीची ट्रॅकपँट पुरते, पण चेन, खिशाची झिप, बटणं असं काही नको. गादीवर घासताना ते आपल्याला नाही तर जोडीदाराला ओरखडतं. हातापायाची नखं कापलेली हवीत. कानातलं, बांगड्या, पैंजण, घड्याळ, केसांतल्या क्लिपा सगळं उतरवायचं, केस साध्या रबरानं बांधायचे. गंडादोरा आणि मंगळसूत्र यांवर दरवर्षी एकदा तरी चर्चा होते. मी माझं मंगळसूत्र डब्यात ठेवते आणि तो डबा सर्वांना दिसेल असा कठड्यावर ठेवते. त्यावर मग कुणी फारसं बोलत नाही. अंगावर नायटा किंवा गजकर्ण असेल तर बरं होईपर्यंत यायचं नाही. पावसाळ्यात एकाचा नायटा आठवड्याभरात निम्म्या वर्गाला होतो, आणि लाजेखातर तो लपवणाऱ्यांत मुलांपेक्षा मोठी माणसं पुढे असतात.

चपला गादीच्या कडेपर्यंत घालून यायच्या आणि कडेलाच काढायच्या. अनवाणी पायानं स्वच्छतागृहात जाऊन तोच पाय गादीवर ठेवला तर मी ओरडते. एरवी मी फार ओरडत नाही.

सुरुवात नमस्कारानं होते. सगळे रांगेत गुडघे दुमडून टाचांवर बसतात. जपानी माणूस याला ‘सेइझा’ म्हणतो, आपल्याकडे हे वज्रासन. शाळेत पीटीच्या तासाला केलेलं असल्यामुळे आपली मुलं याबाबतीत युरोपातल्या मुलांपेक्षा सुखी. पन्नाशीच्या बाबांचे गुडघे मात्र कुरकुरतात. त्यांनी मांडी घालून बसलं तरी चालतं. समोर भिंतीवर कानोंचा फोटो असतो, आमच्या हॉलमध्ये शेजारी मारुतीचाही आहे, कारण हॉल पूर्वी तालमीचा होता आणि तसबीर उतरवायचं धाडस कुणी केलं नाही. कधी एखादे पालक बाजूला घेऊन विचारतात की हा नमस्कार नक्की कुणाला? आखाड्यात उतरताना पैलवान लाल माती कपाळाला लावतो, ती जागेची आठवण. आमचा नमस्कार त्याच जातीचा: जागेला, शिकवणाऱ्याला आणि आता ज्याच्या अंगाशी झोंबायचं त्याला. ज्याला वाकायचं नाही त्याने नुसतं शांत उभं राहावं. मी कधी कुणाला अडवलेलं नाही.

मग थोडं पळणं, सांधे मोकळे करणं. हे सगळीकडे सारखंच असतं, त्यावर शब्द खर्च करत नाही.

आता पडणं. आपण तोल जाऊन मागे पडतो तेव्हा शरीर न विचारता एक गोष्ट करतं, हात मागे टेकतं. सगळं वजन मनगटावर येतं, मनगट वाचलं तर कोपर, कोपर वाचलं तर कॉलरबोन. ओल्या फरशीवर घसरलेल्यांची मनगटं दर पावसाळ्यात प्लास्टरमध्ये जातात ती यामुळे. दुसरी गोष्ट शरीर करत नाही, ती जास्त धोक्याची: मान सावरत नाही. पाठ टेकते, आणि डोकं तिच्यामागून झटक्यानं जाऊन आपटतं. उकेमीत या दोन सवयी मोडायच्या असतात. बाकी सगळं नंतर.

म्हणून पहिला धडा झोपून. उताणं पडायचं, हनुवटी छातीकडे आणायची आणि पट्ट्याच्या गाठीकडे बघायचं. पट्टा नसेल तर नाडीकडे. दोन्ही हात समोर एकावर एक आणून एकदम बाजूला गादीवर आपटायचे, तळवे खाली, शरीरापासून तीस-चाळीस अंशांवर. त्याहून वर गेले तर झटका खांद्याला बसतो, फार जवळ राहिले तर कोपर बरगडीखाली येतं. आपटताना श्वास सोडायचा. मुलं इथं खूश असतात, कारण आवाज मोठा होतो आणि घरी असा आवाज केला की मार मिळतो. मोठी माणसं आवाज करायला संकोचतात. हात हळूच ठेवतात, शेजारी कोण बघतंय ते बघतात. मी त्यांना सांगते की आवाज कमी आला तर झटका कुठेतरी जिरला नाही असं समजा. हात आणि पाठ मिळून मोठं क्षेत्र एकाच क्षणी टेकलं की मार एका हाडावर येत नाही, हातावर, दंडावर आणि पाठीच्या मांसल भागावर पसरतो.

मग तेच बसून. मग उकिडवं बसून. मग उभं राहून, आणि उभं राहून पडतानाही आधी खाली बसल्यासारखं व्हायचं, कंबर टाचेजवळ आणायची, म्हणजे पडण्याची उंची निम्मी होते. ओंडक्यासारखं ताठ पडणाऱ्याला मी लगेच थांबवते. या पायऱ्यांत घाई झाली की नुकसान झालंच. आठ वर्षांचं पोर अर्ध्या तासात उभ्यापर्यंत येतं; चाळिशीची बाई पहिल्या दिवशी उकिडव्यावर थांबली तरी छान. दोघांच्या उंचीत फरक असतो, आणि भीतीतही. मुलाला जमीन जवळ वाटते. मोठं माणूस शेवटचं मुद्दाम कधी पडलं होतं हे त्याला आठवत नाही.

पाठीनंतर बाजूला पडणं, आणि वेळ उरला तर पुढची लोळण. ही शाळेतली कोलांटउडी नाही, आणि ज्यांना ती चांगली येते त्यांना आमची लोळण उशिरा जमते. कोलांटउडीत डोकं आणि मणका सरळ रेषेत गादीवरून जातात. आमच्या लोळणीत करंगळीच्या कडेनं सुरू करायचं, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, खांदा, आणि तिथून पाठीवरून तिरकं दुसऱ्या बाजूच्या कमरेकडे. डोकं गादीला लागतच नाही, मणक्याची हाडं एकेक करून टोचत नाहीत. ही तिरकी वाट एकदा अंगात बसली की मग सुटत नाही. माझ्याकडे येऊन गेलेली कितीतरी मुलं वर्षांनी भेटतात तेव्हा पदकांबद्दल बोलत नाहीत. सांगतात, मॅडम, स्कूटरवरून पडलो आणि हात मागे गेला नाही.

यात वयस्कांसाठीही काही आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात वृद्धांसाठी पडझड टाळण्याचा एक अभ्यासक्रम तयार झाला आणि त्यात अशाच पद्धतीनं पडण्याचे धडे घातले गेले. बाजूला पडताना ही तंत्रं वापरली तर खुब्यावर येणारा मार लक्षणीय कमी होतो, हे तिथल्या संशोधकांनी मोजूनही दाखवलं. हाडं ठिसूळ झालेल्यांनी हे आपल्या मनानं घरी करून बघू नये. पण आजी नातवाला सोडायला येतात, बाकावर बसून हात आपटायचा सराव करतात, त्यांना मी मना करत नाही. बाकावर काय, कितीही आपटा.

वर्गाच्या शेवटच्या भागात जोडी लावते. इथं पहिल्यांदा परक्या माणसाचे कपडे धरायचे असतात. डाव्या हातानं त्याची उजवी बाही, उजव्या हातानं कॉलर. आपल्याकडे हे सोपं नाही. शाळेत मुलं-मुली वेगळ्या रांगेत बसतात, बसमध्ये बायकांच्या जागा वेगळ्या, आणि इथं एकदम छातीजवळची कॉलर पकडायची. पहिल्या दिवशी मुलींची जोडी मुलीशीच लावते, कुणी मागितलं नाही तरी. नंतर वजन जुळेल तसं बदलतं आणि दोन-तीन महिन्यांत कोण कुणाशी खेळतंय याकडे त्यांचंच लक्ष राहत नाही. अंध खेळाडूंच्या ज्यूदोत तर दोघांनी एकमेकांना धरल्यावरच सामना सुरू होतो. मध्य प्रदेशच्या कपिल परमारने २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं ते याच प्रकारात. ज्यूदोत डोळ्यांपेक्षा हात जास्त सांगतात, म्हणूनच हे शक्य होतं. समोरचा कुठे झुकतोय, कुठला पाय हलका आहे हे बाहीतून कळतं.

त्या बाहीबद्दल एक नियम मी पहिल्याच दिवशी सांगते आणि पुढे कितीही वर्षं शिकला तरी तो बदलत नाही. ज्याने फेकलं त्याने बाही सोडायची नाही. जोडीदार खाली जात असताना धरलेला हात थोडा वर ओढून ठेवायचा, म्हणजे त्याचा खांदा आणि त्याच्याबरोबर डोकं जमिनीपासून उचललं जातं. फेकलेला माणूस सुखरूप पडणं ही फेकणाऱ्याची जबाबदारी आहे. पहिल्या दिवशी कुणी कुणाला फेकत नाही, तरीही एकाने उकिडवं बसायचं, दुसऱ्याने बाही धरून त्याला हळूच मागे टेकवायचं आणि बाही शेवटपर्यंत धरून ठेवायची, एवढा सराव होतो. याच वेळी थाप शिकवते. दुखलं, घाबरलं, श्वास कोंडला, नुसतं नकोसं झालं, तरी जोडीदाराच्या अंगावर किंवा गादीवर हातानं दोनदा थापटायचं. हात अडकले असतील तर पायानं, नाहीतर तोंडानं. थाप ऐकली की त्याच क्षणी सोडायचं; का, कशाला, विचारत बसायचं नाही. थोड्या मोठ्या वर्गात दाबून धरण्याचा एखादा प्रकार, बहुधा ‘केसा गातामे’, दाखवते, तो मुद्दाम थाप मारण्याच्या सरावासाठी. लहान मुलांना हात मुरगळायचे किंवा गळा आवळायचे डाव शिकवत नाहीत, आणि कुणी शिकवत असेल तर मूल तिथून काढा.

इथं मी थोडी कडक होते, आणि त्याला कारण आहे. जपान हा ज्यूदोचा मूळ देश, शिक्षकांची तिथं वानवा नाही. तरी १९८३ ते २०१० या काळात तिथल्या शाळांच्या ज्यूदोत शंभराहून अधिक मुलांचे जीव गेले. बऱ्याच जणांच्या डोक्याला मार बसला होता, मेंदूवरच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला होता. सरावाला नुकतीच लागलेली मुलं त्यांत मोठ्या संख्येनं होती. ज्या डावांची नावं पुन्हा पुन्हा निघाली त्यांत ‘ओसोतो गारी’ होता: समोरच्याचा पाय मागून झाडायचा आणि त्याला सरळ मागे पाडायचं. दिसायला सोपा, म्हणून नवख्यांना लवकर शिकवला जातो, आणि मान तयार नसेल तर डोकं सरळ मागे जाऊन आपटतं. आपटलं नाही तरी नुसत्या झटक्यानं मेंदूभोवतीच्या शिरा फाटू शकतात. मुलं गमावलेल्या पालकांनी २०१० मध्ये संघटना काढली, प्रश्न लावून धरला, आणि मग सूचना बदलल्या. दोन वर्षांनी जपाननं सातवी ते नववीच्या शाळांत एक तरी युद्धकला सक्तीची केली तेव्हा पालकांना धास्ती वाटत होती ती याचमुळे. मी माझ्या वर्गात ओसोतो गारी खूप उशिरा आणते. काही सहकारी म्हणतात की मी फार जपते. म्हणू देत.

तेव्हा मुलाला वर्गात घालण्याआधी पालकांनी एक तास कडेला बसून बघावं. गादी काय आहे ते बघा. सिमेंटच्या फरशीवर एकमेकांत अडकणारे गादीचे पातळ तुकडे जोडून त्यावर फेकाफेक चालली असेल तर उठून जा. तुकड्यांच्या मधल्या फटीत पायाची बोटं अडकून मोडतात ते वेगळंच. जागतिक स्पर्धांतल्या गाद्या साधारण चार सेंटिमीटर जाडीच्या, घट्ट आणि न घसरणाऱ्या असतात. छोट्या गावात त्या परवडत नाहीत हे खरं, पण मग फेकण्याचा सराव आठवड्यातून एकदा तालुक्याच्या हॉलमध्ये ठेवता येतो. शिक्षक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी उचलून आपटून दाखवत असेल, बघणारे टाळ्या वाजवत असतील, तर ती टाळी तुमच्या मुलाच्या मानेवर वाजतेय. मारामारीचं ज्ञान देणाऱ्या कौलं फोडण्याच्या कार्यक्रमांबद्दल मी काही बोलत नाही, कौलांची बिचाऱ्यांची चूक नाही.

आता त्या दोन-चार डावांकडे येते. मुलींच्या आयांना मी सरळ सांगते की एका शिबिरात स्वसंरक्षण शिकवता येत नाही. मनगट सोडवायची युक्ती दुपारी शिकलेली असते आणि प्रसंग सहा महिन्यांनी येतो, तोवर ती विसरलेली असते. दोन वर्षं नेमानं ज्यूदो केलेल्या मुलीला मात्र कुणी कॉलर धरली तर ती गोठत नाही, कारण तिची कॉलर आठवड्यातून तीनदा कुणीतरी धरत आलेलं असतं. एवढंच मी खात्रीनं सांगू शकते. आई थोडी हिरमुसते, पण बहुतेक वेळा मुलीला पाठवते.

आणि बेल्ट. काळा पट्टा कानोंच्या शाळेत १८८०च्या दशकातच आला. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा ही रंगांची रांग युरोपात वाढली. पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांच्या काळात, १९३०च्या दशकात, ती रुळली. विद्यार्थ्यांना पुढचं पाऊल दिसावं यासाठी केलेली ती सोय होती आणि चांगली सोय होती. आपल्याकडे ती काही ठिकाणी दर तिमाहीची फी झाली आहे. माझ्या वर्गातल्या पहिल्या परीक्षेत निम्मे गुण उकेमीला असतात, आणि पालक तेव्हाही विचारतात की डाव कुठे आहेत.

पहिल्या दिवसानंतरच्या सकाळी मान दुखते. पाठ किंवा हात नव्हे, मानेचा पुढचा भाग. उशीवरून डोकं उचलताना हात लावून उचलावं लागतं, कारण आयुष्यात कधी न वापरलेले स्नायू तासभर हनुवटी छातीशी धरून बसलेले असतात. तिसऱ्या दिवशी ते कमी होतं, तेवढ्यासाठी वर्ग बुडवायचं कारण नाही. गरम पाण्याचा शेक घ्यावा आणि यावं. डोकं दुखत असेल, उलटी झाली असेल, मूल नेहमीपेक्षा जास्त झोपाळलं असेल किंवा विचारलेल्याला भलतंच उत्तर देत असेल, तर मात्र माझ्याकडे न येता थेट डॉक्टरकडे जायचं, आणि मग मला फोन करायचा, कितीही वाजता.